मोडक्या बाकांचे फळे

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे टाळणं सोपं गेलं.

बाईंची एक सवय होती. मोडकी वस्तू दिसली की उचलायच्या, उलटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "याचं काय होईन?" एकदा माझी तुटकी छत्रीही त्यांनी अशीच न्याहाळली. मी ती घाईघाईनं काखेत मारली.

सत्तरच्या दशकात मी नागपूरहून शाळा तपासायला जाई. बाईंची शाळा पारशिवनीजवळच्या खेड्यात. तशा शाळा तुम्हीही पाहिल्या असतील: दोन खोल्या, चार वर्ग, शिकवणाऱ्या एकट्या बाई आणि फळा एक. नव्या फळ्यांसाठी बाईंचा अर्ज दरसाल येई. 'तरतूद नाही' असा शेरा मारून मी तो दरसाल परत पाठवी.

व्हरांड्यात मोडक्या बाकांचा ढीग होता. सरकारी सामान, रद्द केल्याचा हुकूम आल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम. हुकूम येत नव्हता. वाळवी मात्र नियम न वाचताच कामाला लागली होती.

"सायेब, फळ्या काढू का याच्या?" बाईंनी एकदा विचारलं.

"काढा. हुकमाचं मी पाहतो," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला गेलो तर भिंतींना मुलांच्या उंचीचे फळे लागलेले. कोळसा आणि पानांचा रस घोटून काळे केलेले. चौथीच्या मुली पहिलीला बेरीज शिकवत होत्या. एक पोरगा नुसताच उभा होता.

"काहून गा, हात दुखून राहिला का?" बाईंनी विचारलं.

"हे पोट्टी खडूच नाही देत, बाई."

"कशी देऊ? कालचा यानं खाल्ला!"

मी मनापासून हसलो. हुकमाचं मात्र पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात माझे वरिष्ठ तपासणीला आले. सोबत मी. बाक मोजायला गेले तर बाक नाहीत.

"शाळा चालवता की सुतारखाना? कोणाच्या परवानगीनं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. माझी बढती त्याच साहेबांच्या हातात होती.

"कोणालेच नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

फळे उतरवून व्हरांड्यात परत रचायचा हुकूम झाला. हा हुकूम जागच्या जागी निघाला. मुलांनीच ते वाहून नेले. एकावर बेरीज अर्धी राहिली होती. बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली, माझी बढती. त्या दिवशी मी घरी आलो, जेवलो, झोपलो. काही वाटलं नाही.

बाई आता नाहीत. त्या जायच्या आधी एकदा रामटेकला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा केला, माझ्या नातवंडांची चौकशी केली. माझा चहा संपला, तरी मी उठलो नाही.

"सायेब, काही काम होतं का?"

"नाही. इकडून चाललो होतो, म्हटलं भेटावं."

"बरं केलं," म्हणत त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. बाई, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी चपला घातल्या.