वैनगंगेच्या वाळूत अडकलेली जीप

मुलांनो, तुमची आई माझ्या पोटची नाही, माझ्या नणंदेची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती जन्मली त्या दिवशी काय झालं, ते मात्र मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात तिनं मला फोनवर विचारलं, "मोटार बिघडली म्हणून माझी आई गेली, हे खरं का?" कुठल्याशा लग्नात कुणीतरी तिला तसं बोललं होतं. त्या दिवशी जीपमधून तिच्या आईला दवाखान्यात नेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी आज मी एकटी उरले आहे. म्हणून लिहिते.

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. तुमचे आजोबा कुरखेड्याकडच्या जंगलात रेंजर होते. नणंदेचे आईवडील हयात नव्हते, पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि तिला माहेर म्हणजे आमचं जंगलातलं घर. बाळ आडवं असल्याचं सुईणीला आठव्या महिन्यातच जाणवलं होतं. कळा सुरू झाल्या की चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, दवाखान्यात न्यायचं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

त्यासाठीच खात्याच्या ड्रायव्हरनं आमच्याकडची सरकारी जीप दुरुस्त करायला घेतली. इंजिनात हवा आणि पेट्रोल पोचवणारी ओतीव नळी, तो तिला 'मेनिफोल' म्हणे, तिला तडा गेला होता. लाकडाच्या डेपोत एक मोडकी जीप पडली होती, तिची नळी काढून त्यानं आमच्या जीपला बसवली. गाडी सुरू केली तर ती उभ्या जागी गर्जायला लागली. पूर्वी ती नुसती धुगधुगायची.

"लय ताकद आली, बाई," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे मोठा आवाज म्हणजे इंजिन धडधाकट, असाच सगळ्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. तुमचे आजोबा दौऱ्यावर होते. नणंद, सुईण, मी आणि ड्रायव्हर असे निघालो. सपाट रस्त्यावर गाडी धावली. वैनगंगेच्या पात्रात वाळूवर बांबूच्या चटया अंथरून वाट केलेली होती, त्या वाटेवर मात्र गाडीला ओढ घेता येईना. इंजिन खोकायचं, बंद पडायचं. पुन्हा सुरू केलं की उभ्या उभ्या गर्जायचं, आणि रेडिएटरमधलं पाणी उकळायचं. अर्ध्या पात्रात जीप थांबली ती थांबलीच.

नणंदेला आम्ही जीपच्या सावलीत चटईवर निजवलं. "वयनी," ती म्हणाली, "ही मोटर माह्यापेक्षा जास्त बोंबलून राह्यली." आम्ही दोघी हसलो. मग तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

ड्रायव्हरनं कार्बुरेटरचा स्क्रू पिळून आवाज कमी केला की इंजिन मरायचं; सैल केला की गर्जायचं. जीपबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, त्यातलं मी वाचून त्याला मराठीत सांगत होते. तेवढ्यावर त्यानं कार्बुरेटर उघडला, फडक्यावर एकेक भाग मांडून धुतला, पुन्हा जोडला. काही फरक पडला नाही. त्यानं तो पुन्हा उघडला. ऊन डोक्यावर आलं.

"भाऊ, तू तं इंजनाचंच बाळंतपण करून राह्यला," सुईण त्याला म्हणाली. "इथी माणसाचं अडलं हाय."

"मंग मी काऊन बसलो इथी, बाई? खेळाले?" तो मान वर न करता म्हणाला.

तेवढ्यात नणंद म्हणाली, "शिट्टी कशाची वाजते?" उभ्यानं ऐकू येत नव्हती, तिला खाली निजल्यामुळे आली. ड्रायव्हर वाळूत उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. सुईणीच्या हातातलं ओलं फडकं त्यानं मागून घेतलं आणि नळीच्या बुडाशी दाबलं. गर्जना एकदम खाली बसली. फडकं काढलं की पुन्हा चढली.

नळीला खालून एक भोक होतं. डेपोतल्या जीपचा काचपुश्या, म्हणजे वायपर, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर फिरायचा, त्याची बारीक नळी तिथं बसत असे. आमच्या जीपचा काचपुश्या हातानं फिरवायचा, त्यामुळे तिथं काही लावायचं असतं हे ड्रायव्हरच्या ध्यानात आलं नाही. त्या भोकातून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. उभं असताना गर्जे आणि ओझं पडलं की दम सोडी. त्यानं चटईतली बांबूची कामटी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि भोकात ठोकली. जीपनं वाळू पार केली.

चांद्याला पोचलो तेव्हा नणंद बोलत नव्हती. डॉक्टरांनी बाळ जिवंत काढलं. रक्त थांबलं नाही. दिवेलागणीला ती गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." ड्रायव्हर पायरीवर बसला होता. त्यानंही मला तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. पण तुमच्या आईला खोटं सांगणार नाही. भोक घरीच सापडलं असतं तर तिची आई वाचली असती, असं मला वाटतं. मोटारीनं तिला मारलं नाही. बाळ आडवं होतं, आणि वाळूत आमची सकाळ गेली.

नणंदेच्या यजमानांनी पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. बाळ माझ्याकडेच राहिलं. नणंदेचा फोटो कुणी काढलेला नव्हता. तिच्या दोन लुगड्यांची मी दुपटी शिवली. बाकीची वापरून वापरून विरली. एक अजून आहे, कडेला हिरवा काठ असलेलं.