मंडळीची दोन पहिली घरं

बायबलमधल्या मोशेऐवजी आमचे वडीलकाका पुढारी असते, तर इस्राएली लोक वाळवंटात चाळीसऐवजी ऐंशी वर्षं फिरले असते. प्रत्येक वळणावर थांबून काकांनी त्या वळणाचा इतिहास सांगितला असता. ‘वडील’ म्हणजे दिल्लीकडच्या आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार बघायला मतदानाने निवडलेला माणूस. आमच्यात पंखा किती जोरात फिरवायचा हेही वडिलांची बैठक ठरवते. इतिहास मात्र काका एकटे ठरवत. उपासनेनंतर हातात समोसा पडला की काका शेजारी हजर. ‘खा, खा. पण ही मंडळी पोह्यांवर सुरू झाली, माहीत आहे ना?’ समोसा गार व्हायचा, तरी मंडळी आर. के. पुरमहून पहाडगंजच्या भाड्याच्या खोलीत पोचलेली नसायची. आज चर्च आहे ते नोएडा तर फारच लांब.

मी आठवीत शाळा सोडलेला, जालन्याहून येऊन नोएडाच्या एका ऑफिसात चहा करणारा. चर्चमध्ये शेवटच्या बाकावरही अर्धाच टेकायचो. कोणी उठवलं तर बरं पडतं. नव्या माणसाला काका वर्धापनदिनी आर. के. पुरमला नेत. तिथल्या एका सरकारी क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत पहिल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मंडळीची पहिली उपासना घेतली होती. आता तिथे एक पंजाबी कुटुंब राहतं, याचं काकांना काही नाही. बेल वाजवायची, चपला काढायच्या, आत शिरायचं. ‘भाभीजी, जहाँ आपका टीवी है, वहाँ हमारे पाळकसाहब खड़े होते थे.’ भाभींना सगळं पाठ. चहा ओतता ओतता पुढचं त्याच सांगत. त्याच टीव्हीपुढे काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘आता तू आमचा.’ त्या रविवारपासून मी बाकावर पूर्ण बसू लागलो.

गेल्या वर्षी वर्धापनदिनाला त्या पहिल्या पाळकांच्या पत्नी नागपूरहून आल्या. काका त्यांनाही भाभींकडे घेऊन गेले. आजींनी खिडकीतून खाली पाहिलं. ‘अरे, हे आपलं घर नव्हे. आपल्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. आपलं समोरच्या इमारतीत. तू तेव्हाही उपासनेला उशिरा यायचास, तुला दार कसं आठवणार?’

सरकारी क्वार्टर्स सगळी सारखी. काका इतकी वर्षं परक्याच घराला त्याचा इतिहास सांगत होते. आजी हसून हसून सोफ्यावर बसल्या. मला हसू येईना. घरच चुकीचं, तर त्या टीव्हीपुढे झालेलं माझं काय?

काकांनी माझं तोंड पाहिलं असावं. ‘असा काय बघतोस? इमारत चुकली. माणूस नाही चुकला.’

भाभी मात्र खट्टू. ‘अंकलजी, अब आप सामने वालों के यहाँ जाएँगे?’

काका समोर गेले, पण इथला दुसरा चहा पिऊन. पुढे वडिलांच्या बैठकीने रीतसर ठराव केला: पहिली घरं दोन.

यंदा काकांचे गुडघे जिना चढेनात. ते खाली बाकावर बसले आणि मला वर पाठवलं. ‘टीव्हीपासून सुरू कर.’ मी बेल वाजवली, चपला काढल्या. भाभींनी दार उघडून माझ्यामागच्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. ‘चाय तो उनके लिए भी रखी है.’

मी इतिहास सांगितला आणि बशी झाकलेला कप घेऊन जपून खाली उतरलो. या इमारती आता पाडणार, असं म्हणतात.

‘पहाडगंज सांगितलंस?’ काकांनी विचारलं.

‘चहा गार झाला असता, काका.’

काका बाकावर सरकले. ‘बस नीट. मी सांगतो.’