मानेवरचे सावकाश हात

"खांदे कानांना काय सांगतायत? खाली आणा त्यांना," बाई दारातूनच म्हणायच्या. नमस्कार वगैरे नंतर.

तुमच्यापैकी कुणी आउटसोर्सिंगच्या सुरुवातीच्या वर्षांत सॉफ्टवेअरमध्ये असाल, तर असे खांदे ओळखाल. दिवसभर कॉम्प्युटर, संध्याकाळी अमेरिकेचे कॉल. माझी मान आखडली आणि मी कर्वेनगरात बाईंच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पोचलो. बाई स्वतः घटकाभर स्थिर नसत. खिडकी उघडत, टॉवेल झटकत, फोन अर्धाच ऐकून ठेवून देत. मानेवर हात ठेवला की मात्र तेच हात इतके सावकाश चालत, की घाई मलाच व्हायची.

"जरा जोरात दाबा ना."

"दुखलं की स्नायू आणखी आवळतो. बरं व्हायचंय की शिक्षा हवीय?"

एकदा आमच्या टीम लीडला घेऊन गेलो. त्याचीही मान धरली होती, आणि दोनच दिवसांनी त्याचं अमेरिकेचं विमान होतं.

"मॅडम, एकदा काडकन मोडून द्या. न्हावी देतो तशी."

"मान आहे ती, सोड्याची बाटली नाही. शर्टाची बटणं लावून दाखवा."

त्याची बोटं काजांपाशी चाचपडत राहिली. हातातून वस्तू पडतात का, पाय जड वाटतात का, बाईंनी विचारलं. तो दोन्हींना हो म्हणाला. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय नको तितका ताडकन उडाला.

"मी तुमच्या मानेला हात लावणार नाही. मज्जारज्जूवर दाब आलाय असं वाटतंय. आत्ताच्या आत्ता सर्जनकडे चला."

"अहो, माझं विमान!"

"विमानं रोज उडतात."

तो चिडला, पण बाईंनी रिक्षा थांबवली, त्याला बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्या सारख्या येरझाऱ्या घालत होत्या.

"माझी चूक असेल तर उगाच त्याचं जाणं बुडवलं मी," मला म्हणाल्या. मग थांबून, "चूकच असू दे."

चूक नव्हती. ऑपरेशन झालं. मानेला झटका बसला असता तर हातपाय कायमचे जाऊ शकले असते, असं सर्जन म्हणाले.

पुढे बाईंचेच अंगठे झिजले, इतकी वर्षं लोकांचे खांदे सोडवून. दवाखाना बंद करून त्या नागपूरला मुलीकडे निघाल्या. सामान चढवायला टीम लीड आपणहून आला. तपासणीच्या जड लाकडी टेबलाची एक बाजू हमालाने धरली, दुसरी त्याने.

"सांभाळून रे," मी म्हणालो.

 टेबल टेम्पोत जाईपर्यंत बाई फक्त त्याच्या बोटांकडे बघत होत्या.