तीर्थाच्या पळीने पाणी

ईरा, निनाद, परवा तुम्ही दोघं तिकडे तापाने पडलात आणि फोनवर विचारलंत, "आजी, काय करायचं?" गोळीचं, पाण्याचं सांगितलं. पण त्यामागची गोष्ट फोनवर नीट सांगता आली नाही, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी माघात आजोबांना ताप आला. वहीत रकाने आखल्याशिवाय मला काळजीसुद्धा करता येत नाही. दर चार तासांनी ताप, गोळीची वेळ, सगळं लिहीत होते. पण जे प्यायचे ते उलटून पडायचं, म्हणून पोटाला विश्रांती द्यावी असं ठरवून मी पाणीच बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उठून बसवलं तर भोवळ आली. "काहून उठवून राहिली मला? तुझा रकाना अंदाजे भर," असं पुटपुटून ते आडवे झाले. मला भीती वाटली. देवासमोर बसले, पण मन लागेना. आयुष्यभर पूजा वेळेवर केली. विश्वासाने किती केली, हे सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फाटकाशी "नर्मदे हर" ऐकू आलं. ग्वारीघाटाच्या आमच्या रस्त्यावर नर्मदा परिक्रमेची माणसं येतात, त्यांना कुणी रिकामं पाठवत नाही. पांढऱ्या साडीतली, साठीची बाई होती. शिधा आणायला वळले तर म्हणाली, "क्या हुआ दीदी, घर में कोई बीमार है?" सरकारी दवाखान्यात तिने तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. तिने आजोबांची जीभ पाहिली, हातावरची कातडी चिमटीत धरून पाहिली. मी जरा अभिमानानेच वही पुढे केली.

"बुखार तो सब लिखा है, दीदी. पानी कितना पिया, पेशाब कब की, ये कहाँ लिखा है?"

तो रकाना मी आखलाच नव्हता.

तिने आधी डॉक्टरांना फोन करायला लावला, मग ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवायला सांगितलं. मी पेला भरला, तो तिने बाजूला सारला. "इससे फिर उलटी होगी." देवघरातल्या पळीकडे बोट दाखवून म्हणाली, "तीर्थ कितना देती हो? बस उतना ही, दो-दो मिनट में."

ती पळी मी कधी देवघराबाहेर नेली नव्हती. पहिल्याच पळीला आजोबांनी डोळे उघडले. "तीर्थ पाजून राहिली का? एवढ्यात नाही जात मी."

ते पाणी पोटात टिकलं. पुढचंही टिकलं. चार वाजता डॉक्टर आले, म्हणाले, अजून उशीर झाला असता तर भरती करावं लागलं असतं. संध्याकाळी आजोबांना लघवी झाली आणि मी देवापुढे हात जोडले. एवढ्यासाठी देवाचे आभार कुणी मानत नसेल.

बाई डॉक्टर येण्याआधीच निघून गेली होती. शिधाही नेला नाही, नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मी पाणी बंद केलं होतं आणि नर्मदेकाठून चालत आलेलं कुणी ते सुरू करून गेलं, एवढंच मला माहीत आहे. तेव्हापासून हात जोडले की मी काही मागत नाही. माझ्या नजरेतून काय सुटलं, तेवढं दाखव म्हणते, आणि बाकीचं नर्मदेवर सोडते.

आजोबा आज ब्याऐंशीचे आहेत, आणि चहात साखर कमी पडली म्हणून रोज सकाळी माझ्याशी भांडतात.