चेहरा जुळत नाही

अमेरिकेतल्या बेमिजी गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या ऑर्विल लुंडीनला अख्ख्या गावाच्या नकला यायच्या. पाद्रीबुवांचा सुस्कारा असो की मुख्याध्यापकांची तिरकी भुवई, नुसता चेहरा हलवला की माणूस उभा राही. मार्चमध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि चेहऱ्याची डावी बाजू लोंबली ती लोंबलीच.

हॉस्पिटलमधून आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी दुकानाबाहेर त्याने बायकोला, मर्नाला, गाडीतच बसवलं. "सामान मीच आणणार. एवढं तरी राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला.

गल्ल्यावर डार्सी होती, त्याच्याच बसमधून शाळेत गेलेली. पैसे द्यायला ऑर्विलने सवयीने फोन चेहऱ्यासमोर धरला. फोनवर आलं, चेहरा जुळत नाही. कोडचे आकडे आठवेनात, आणि पाकीट वर्षभरापासून घरच्या खणात पडलेलं.

"मी तर तुम्हाला पाठमोरंसुद्धा ओळखीन, काका," डार्सी म्हणाली.

"तुला कोण विचारतंय? ह्याला पटायला हवं," जड जिभेने तो म्हणाला. "थांब, ह्याला एक नक्कल दाखवतो."

"कोणाची?"

"माझी."

त्याने दोन बोटांनी गाल वर उचलला आणि जुनं हसू हसून दाखवलं. रांगेतले लोक खळखळून हसले. फोनवर पुन्हा तेच आलं.

शेवटी मर्ना आत आली. तिने आपला फोन गल्ल्यावरच्या मशीनला टेकवला आणि ते लगेच वाजलं.

पुढच्या शनिवारी ऑर्विल गाडीतून उतरलाच नाही.

"काय काय आणू?" मर्नाने विचारलं.

"आण तुला हवं ते," तो म्हणाला आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.