अर्जंटचं बाळंतपण

आम्ही जुन्या टेलिफोन ऑपरेटर बायका कुणाच्या लग्नात-बारशात भेटलो की आजूबाजूच्यांना वाटतं, आता या ट्रंक कॉलच्या गोष्टी काढणार. कुणाची सोयरीक आमच्या कानादेखत मोडली, कोण कुणावर फोनवर ओरडलं, वगैरे. कसलं काय! दहा मिनिटांत गाडी मांजरीवर येते. एक मांजर, चार पिल्लं आणि जेमतेम चार महिने. तेवढ्यात जे झालं, त्याच्या निम्मंसुद्धा बाकीच्या अख्ख्या नोकरीत झालं नसेल. आणि प्रत्येकीकडे वेगळा किस्सा! मला आठवतात ते मी सांगते. मंगला भेटली तर ती वेगळेच सांगेल. तिचं फार मनावर घेऊ नका.

*

ऐंशीच्या दशकातलं जळगाव. बाहेरगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे आणि आम्ही बोर्डावर कॉर्ड खुपसून तो जोडून द्यायचो. यंत्रांना धूळ आणि उष्मा सोसत नाही म्हणून आमचा हॉल एसी. चपला बाहेर रॅकमध्ये. उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटायचं तेव्हा अख्ख्या गल्लीत गार जागा ती एकच. माणसांना ते कळत होतंच. एका पिवळ्या मांजरीलाही कळलं!

कॉल दोन प्रकारचे. ऑर्डिनरीवाल्याने सकाळी बुक करून दुपारपर्यंत ताटकळायचं, अर्जंटवाल्याचा नंबर आधी. ही मांजर दूध मागायची ती अशी, की सगळे कॉल सोडून आधी तिला वाटी. म्हणून नाव पडलं अर्जंट.

मंगला तिला रोज डब्यातली पोळी दुधात कुस्करून घालायची. महिन्याभरात मांजर अशी काही सुटली, की आमच्या सुपरवायझर सपकाळे बाई कडाडल्या, "मंगला, काय करून ठेवलंस हे? हिला चालवत नाही आता! उद्यापासून पोळी बंद. डाएट!"

बाईंचा शब्द म्हणजे ऑर्डर. आठ दिवस आम्ही त्या मांजरीला अर्ध्या वाटी दुधावर ठेवलं. ती मागे मागे फिरून ओरडायची आणि आम्ही, "नाही म्हणजे नाही! पोट बघ आधी!"

नवव्या दिवशी आमचे वॉचमन आबा रजेवरून आले. अमळनेरकडचे. दारातच त्यांनी मांजरीकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"अव बाई, हाई मांजर दोन जीवनी शे!"

हॉलमध्ये आम्ही पाच बायका. पाचही लेकुरवाळ्या!

*

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? मंगला बोर्डावर बसून रडली. "पोटुशीला उपाशी ठेवलं गं आपण, पाप लागेल." दुसऱ्या दिवसापासून पाच डब्यांतून पाच वाट्या. आबा घरून ताक आणायचे. सपकाळे बाईंनी तर पथ्यच ठरवून दिलं. बटाटा नको, वात होतो. हरभऱ्याची डाळ नको. डिंकाचा लाडू चुरून दिला तर चालेल.

"बाई, मांजर डिंकाचा लाडू खाते का?" मी विचारलं.

"तू खाल्ला होतास ना? मग!"

अर्जंटने लाडू हुंगला आणि त्याच्यावर माती ओढल्यासारखा पंजा मारला. बाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

मग खोक्याचं प्रकरण. बाळंतपण कुठे करायचं? बाई म्हणाल्या, अंधारी जागा हवी. मंगला म्हणाली, हवेशीर हवी. मी म्हटलं, जाण्या-येण्याच्या वाटेवर नको. शेवटी चार ठिकाणी चार खोके ठेवले. बाईंनी स्वतःची जुनी सुती साडी फाडून चारही खोक्यांत अंथरली. अर्जंट लग्नातल्या वरमाईसारखी प्रत्येक खोका बघून आली. एकातही पाय ठेवला नाही!

*

एका सकाळी ड्यूटीवर आले तर अर्जंट दारातच. एकदम सडपातळ! आणि घशातून असा आवाज काढत होती, की अंगावर काटा यावा. चारही खोके रिकामे. आम्ही रॅक हलवला, कपाटं उघडली, पायऱ्यांखाली बॅटरी मारली. पिल्लू नाही. मांजर स्टोअरच्या खोलीत जायची, जमीन हुंगायची, परत आमच्याकडे येऊन ओरडायची. मंगला म्हणाली, "बोक्याने नेली असतील गं." बोर्डावर दिवे लागत होते, पार्ट्या, म्हणजे कॉल मागणारे, खोळंबल्या होत्या, आणि सपकाळे बाई पदराने डोळे टिपत कॉल जोडत होत्या. त्या सकाळी भुसावळ मागणाऱ्या एका पार्टीला चाळीसगाव मिळालं.

तेवढ्यात फोन वाजला, मी उचलला. आमचे लाइनमन रशीदभाई. खांबावरून बोलायला त्यांच्याकडे एक हँडसेट असायचा, त्यावरून.

"बाई, मैं मेहरूण से बोल रहा हूँ. खंबे के नीचे बैठा हूँ."

"बोला रशीदभाई. लाइन सुरू झाली का?"

"लाइन छोडो बाई. मेरे थैले में चार बच्चे हैं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाचे?"

झालं होतं ते असं. रशीदभाईंचा हत्यारांचा कॅनव्हासचा थैला स्टोअरमध्ये जमिनीवर असायचा. आमच्या साड्या-खोके नाकारून बाईसाहेब त्यात बाळंत झाल्या, आणि वाटी शोधायला बाहेर आल्या. रशीदभाईंनी नेहमीप्रमाणे थैला उचलला, सायकलला अडकवला आणि गावाच्या टोकाचं मेहरूण गाठलं. पक्कड काढायला हात घातला, तर हाताला गरम, मऊ आणि ओलं!

मे महिना, डोक्यावर ऊन, तासाभराची पिल्लं. बाई माझ्या हातातून फोन ओढून ओरडल्या, "रशीदभाई, थैल्यावर ओला रुमाल टाका आणि या! काम राहू द्या!"

"पर बाई, ये डॉक्टर का फोन है, कल से बंद..."

"डॉक्टरला सांगा, बाळंतपणाची केस आहे!"

रशीदभाई थैला छातीशी धरून, एका हाताने सायकल चालवत आले. मांजरीने थैल्यात तोंड घातलं, एकेक पिल्लू हुंगलं, चाटलं आणि तिथेच, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मध्ये, आडवी झाली. पिल्लांना ती घेते की नाही, ही आमची काळजी मिटली.

रशीदभाई मात्र डोकं खाजवत होते. "ठीक है बाई. लेकिन मेरी पक्कड?"

चार दिवस त्यांनी शेजारच्या लाइनमनची पक्कड वापरली.

*

चारातलं धाकटं मात्र अशक्त. इतर तिघं त्याला बाजूला ढकलून प्यायची, आणि हे मागे पडून चीं चीं करायचं. रांगेत कायम शेवटचं, म्हणून त्याचं नाव ऑर्डिनरी. तिसऱ्या दिवशी ते प्यायचंच थांबलं. हात लावला तर गार.

बाईंचे धाकटे दीर धुळ्याला गुरांचे डॉक्टर. बाईंनी धुळ्याला कॉल लावला आणि हेडसेट माझ्या कानाला दिला. "तूच बोल. मला बोलवणार नाही."

लाइनवर खरखर. मी ओरडून सांगितलं, "डॉक्टरसाहेब, पिल्लू तीन दिवसांचं आहे, दूध पीत नाही!"

"कितव्या वेताची आहे?"

"ते माहीत नाही. आमच्याकडे पहिल्यांदाच!"

"दूध किती देते?"

"आम्ही काढत नाही."

"काढत नाही? अहो, सड भरून येतील! बरं, पिल्लाचं वजन अंदाजे?"

मी ऑर्डिनरीला तळहातावर तोललं. "असेल छटाक-दीड छटाक."

मग तिकडून अगदी हळू आवाज आला, "बाई, म्हैस बघितली आहे का तुम्ही कधी?"

पण माणूस भला. मांजर म्हटल्यावर आधी हसला, मग नीट सांगितलं. आधी ऊब द्या, गार असताना दूध अजिबात पाजू नका. मग आईजवळ लावा, बाकीची थोडा वेळ बाजूला करा. नाहीच ओढलं तर ड्रॉपरने थेंब थेंब.

मंगलाने पिल्लू रुमालात गुंडाळून पोटाशी धरलं. ते गरम होईपर्यंत ती तशीच एका हाताने बोर्ड चालवत होती. शाईचा नवा ड्रॉपर आणला. बाईंनी ड्यूटी चार्टच्या खाली पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला: 'ऑर्डिनरी'. दर दोन तासांनी एकीचं नाव. जी ऑपरेटर स्वतःच्या ड्यूटीला आयुष्यात वेळेवर आली नाही, ती ड्रॉपरच्या ड्यूटीला पाच मिनिटं आधी हजर!

आठवड्याने ऑर्डिनरीने मोठ्या भावाला लाथ मारली आणि पुढची जागा पकडली. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

*

आता साहेब. आमचे साहेब शिस्तीचे. कुत्रं, मांजर, मूल, ऑफिसात काही चालायचं नाही. त्यामुळे सगळा कारभार पहिल्या दिवसापासून त्यांच्यापासून लपवून. पण अर्जंटला जागा बदलायची खोड. आज थैला, उद्या पायऱ्यांखाली, परवा डिरेक्टऱ्यांच्या गठ्ठ्यामागे. तोंडात पिल्लू धरून ती हॉलमधून निघाली की आम्ही जिथल्या तिथे गार! दरवेळी नव्याने लपवालपव, दरवेळी नव्याने साडी.

शेवटी तिला पसंत पडेल अशी जागा मिळाली. साहेबांच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण. उघडाच राहायचा तो. एसीचा झोत बरोबर त्याच्यावर!

साहेबांनी फाइल काढायला वाकून हात घातला. पुढचं आम्ही केबिनच्या काचेतून बघितलं. ते ओरडले नाहीत. सावकाश सरळ झाले, खुर्ची मागे घेतली आणि मेमो लिहायला बसले. 'कार्यालयात अनधिकृत मांजर व पिल्ले आढळली. चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.'

सपकाळे बाईंनी खुलासा लिहिला. मी स्वतः वाचलाय. 'सदर मांजर कोणाच्याही परवानगीने आलेली नाही. तिला जाण्याबाबत वारंवार तोंडी सूचना देण्यात आल्या, परंतु तिने दाद दिली नाही. पिल्लांचे डोळे अद्याप उघडलेले नसल्याने त्यांना सूचना देता आलेली नाही.'

आम्हाला वाटलं, आता बाईंची बदली. संध्याकाळी कागद परत आला. खाली साहेबांचा शेरा लाल शाईत: 'डोळे उघडेपर्यंत मुदत मंजूर. खण बंद करू नये.'

*

तीन पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर घरोघर गेली. एक आबांनी गावी नेलं, एक रशीदभाईंनी ("मेरे थैले में पैदा हुआ, मेरा हक है"), एक मंगलाने. ऑर्डिनरीला मागणी आली ती धुळ्याहून.

धुळ्याच्या बोर्डावर नलिनी म्हणून एक ऑपरेटर होती. आम्ही वर्षानुवर्षं दिवसातून पन्नास वेळा बोलायचो, पण एकमेकींना बघितलेलं नव्हतं. ती मला 'जळगाव' म्हणायची, मी तिला 'धुळे'. डॉक्टरांचा तो कॉल तिनेच जोडला होता आणि सगळा ऐकलाही होता. तेव्हापासून रोज सकाळी आधी, "जळगाव, ते गार पिल्लू कसं आहे गं?" आणि मग काम. शेवटी म्हणाली, "ते मला दे. मी एकटी राहते." सुट्टीच्या दिवशी एसटीने आली. उंच, सावळी, कपाळावर घामाचे थेंब. दारात उभी राहून मला म्हणाली, "जळगाव?" आवाज ऐकला आणि मी चपला न घालताच बाहेर धावले. पिशवीत टोपली, टोपलीत ऑर्डिनरी, आणि ती दुपारच्या गाडीने गेली.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी तिची लाइन. आवाज रडवेला. "जळगाव, कालपासून कशाला तोंड लावत नाहीये गं. दूध, खिमट, काही नाही. टोपली घेऊन ड्यूटीवर आलेय. नुसतं ओरडतंय. ऐक."

ऐकू येत होतंच. सपकाळे बाईंनी बघितलं, पाच पार्ट्या खोळंबलेल्या. एक व्यापारी तर दर मिनिटाला शिव्या घालत होता. बाई माझ्यावर खेकसल्या, "काय बघत बसलीस? दे आईला फोन!"

"बाई, मांजरीला?"

"मग मला देतेस का?"

मी अर्जंटला बोर्डावर उचलून ठेवलं आणि हेडसेट तिच्या कानाशी धरला. ती अंग चाटत बसली. मंगला म्हणाली, "बोल ना गं मेले!" तिने जांभई दिली. व्यापाऱ्याचा दिवा लागतच होता. आमचा नियम असा, की तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये बोलून पार्टीला विचारायचं, आणखी वेळ हवी का. इथे घड्याळ पुढे सरकत होतं आणि पार्टी शेपूट चाटत होती!

मग हेडसेटमधून पुन्हा ती बारीक चीं आली. अर्जंटचे कान ताठ झाले. तिने हेडसेट हुंगला, त्याच्यामागे डोकावली, आणि पिल्लांना पाजायला बोलवायचा तो घशातला आवाज काढला. मुर्र, मुर्र. दोनदा, तीनदा.

तिकडचं ओरडणं थांबलं. आम्ही सगळ्या हेडसेटवर वाकलो. मग नलिनीचा आवाज, अगदी हळू, "जळगाव, वाटीत तोंड घातलंय गं. पितंय."

कुणाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत लाइनवर तिसराच आवाज आला. आत केबिनमध्ये साहेबांच्या टेबलावरून कुठलीही लाइन ऐकता यायची.

"तीन मिनिटं झाली," साहेब म्हणाले. "मांजरबाई, वाढवायची का?"