इस्लामपूरपर्यंत टिकलेलं सँडविच

१९७३ सालच्या दिवाळीनंतर सातारा स्टँडच्या कँटीनमध्ये काकडीचं सँडविच बंद झालं आणि तसल्याच बटर पेपरात, त्याच बिस्किटांच्या बरणीशेजारी बटाट्याचं सँडविच मिळू लागलं. हा बदल माझ्या घरमालकांनी घडवला. ते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते आणि सातारा ते सांगली या रस्त्यावर विकत मिळणाऱ्या पाकीटबंद सँडविचबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा दुसरा माणूस नव्हता. या विधानाला आव्हान देणारं कोणी मला सहा वर्षांत भेटलं नाही. अर्थात या विषयात दुसरं कोणी पडलेलंही नव्हतं.

सुभेदारांची एकुलती मुलगी सांगलीला दिलेली होती. दर गुरुवारी ते सकाळच्या गाडीनं तिच्याकडे जात आणि शुक्रवारी परतत. निघण्यापूर्वी घरी भरपेट पोहे खात, कारण "उपाशी मानसाची साक्ष धरायची न्हाई" हा त्यांचा पहिला नियम होता. मग स्टँडवर एक सँडविच घेत आणि पिशवीत ठेवत. साताऱ्यात त्यांनी ते कधीही उघडलं नाही. पाकिटात बांधलेली वस्तू वाटेत खाण्यासाठी असते, तेव्हा तिची परीक्षा वाटेतच व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. उंब्रजला एक कोपरा, कराडला दुसरा, पेठ नाक्याला मधला भाग, उरलेलं इस्लामपूरला. त्यांनी पलटणीची मेस अनेक वर्षं सांभाळली होती. जवानांच्या रेल्वेगाडीसाठी खाणं बांधून द्यायचं, आणि गाडी कुठे थांबेल ते कोणालाच माहीत नाही, असं ते काम. "बांधनाऱ्यानं खानाऱ्याच्या टायमाचा इचार करायचा," ते म्हणत. शेजारच्या प्रवाशानं कौतुकानं काही विचारलं, तर त्यालाही एक तुकडा मिळे आणि उतरेपर्यंत प्रश्न मिळत. एका लग्नाला निघालेल्या गृहस्थांना त्यांनी मस्का कडेपर्यंत लागला आहे की मध्येच थांबला आहे, हे तीनदा तपासायला लावल्याचं मी स्वतः पाहिलं.

पावाची परीक्षा अंगठ्यानं होई. दाबलेला पाव तीन आकडे मोजेपर्यंत वर आला तर तो आजचा, नाहीतर कालचा. कागदाचा वास आधी, पदार्थाचा नंतर. मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो; एकदा कोणीतरी त्याच दैनिकात गुंडाळलेलं सँडविच त्यांना दिलं. ते त्यांनी न खाता माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "तुमची शाई मस्क्यात उतरलीया. बातमी पचंल वं, शाई न्हाई पचायची." मी ते संपादकांना सांगितलं नाही.

स्टँडवरची सँडविचं समोरच्या बेकरीतून येत. बेकरीवाले वारल्यावर त्यांची बायको भट्टी चालवत होती. तिला सगळे वहिनी म्हणत. नुसत्या पावावर बेकरी चालत नव्हती. कँटीनला रोज जाणाऱ्या पाकिटांवर चालत होती. त्या वर्षी गणपतीनंतर प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या आणि कँटीनवाल्यांनी वहिनींना दिवाळीपर्यंतची मुदत दिली. पाकिटं बंद झाली असती, तर भट्टी विझवून कोरेगावला भावाच्या घरी जाण्यावाचून त्यांना मार्ग नव्हता. वहिनींना तक्रारी कळत नव्हत्या. साताऱ्यात ज्यानं ज्यानं सँडविच खाल्लं, त्यानं नावाजलंच होतं. सुभेदार बेकरीत गेले, तेव्हा मी पाव घ्यायला तिथेच उभा होतो.

"साताऱ्यात झ्याक हाय," सुभेदार म्हणाले, "पर साताऱ्यात खातंय कोन? उंब्रजला काकडीला पानी सुटतंय. कराडला खालचा पाव वला. पेठ नाक्याला कागद कुठला आन् पाव कुठला, वळखू येत न्हाई."

"आवं, काकडी काढली तर त्यात ऱ्हातंय काय? मस्का आन् माझी अब्रू?"

"अब्रूला पानी सुटत न्हाई, वहिनी. काकडीला सुटतं."

वहिनींनी त्यांना पाव न देताच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच निरोप धाडला. पुढचे पाच आठवडे, गुरुवार सोडून, रोज संध्याकाळी सुभेदार बेकरीत बसत. पाव पुरता निवल्याशिवाय कापायचा नाही, गरम पाव कागदात घामेजतो, हे त्यांनी सांगितलं. मस्का दोन्ही कापांना कडेपर्यंत लावायचा, म्हणजे आतली ओल पावात शिरत नाही. काकडीच्या जागी उकडलेला बटाटा, चटणी घट्ट वाटलेली आणि पाण्याचा हात लावायचा नाही. वहिनी प्रत्येक गोष्टीवर भांडत आणि दुसऱ्या दिवशी ती करून पाहत. "पलटन सुटली आन् माझी भट्टी घावली तुमास्नी," असं त्या रोज एकदा तरी म्हणत. सुभेदार त्यावर मान डोलवत आणि पुढचा काप उचलत.

गुरुवार आठवड्यात एकच येई, आणि मुदत संपत आली होती. म्हणून इतर दिवशी सुभेदार नमुन्याचं पाकीट सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देऊ लागले. मुलीनं ते उघडायचं आणि तिचं मत कंडक्टरनं परत आणायचं. पहिलं पाकीट सांगलीला पोचलंच नाही. संध्याकाळी सुभेदारांनी कंडक्टरला गाठलं.

"काय रं, कसं हुतं?"

"कासेगावपतूर लय चांगलं हुतं."

"आन् म्होरं?"

"म्होरं न्हवतंच."

सुभेदार रागावले नाहीत. त्यांनी कासेगावची नोंद धरली आणि दुसऱ्या दिवशी दोन पाकिटं दिली.

दिवाळी झाली. कँटीनवाले म्हणाले, आणा तुमचं नवीन सँडविच, इथं गल्ल्यावर खाऊन बघतो. सुभेदारांनी नकार दिला. परीक्षा इस्लामपूरला होईल, असं त्यांनी सांगितलं. "मी काय खुळा हाय का, सँडविच खायला इस्लामपूरला जायाला?" कँटीनवाल्यांनी विचारलं. पण स्टँडवरचे हमाल आणि कंडक्टर ऐकत उभे होते, आणि इतक्या लोकांसमोर माघार घेणं त्यांना जमलं नाही. शनिवारी सकाळच्या गाडीत सुभेदार, कँटीनवाले आणि मी असे तिघे बसलो. वहिनी गाडी सुटेपर्यंत बेकरीच्या दारात उभ्या होत्या.

कराडला कँटीनवाल्यांना भूक लागली. त्यांनी पिशवीकडे हात नेला. सुभेदारांनी तो बाजूला केला, खाली उतरले आणि भज्यांच्या दोन प्लेटी घेऊन आले. साक्षीदार उपाशी चालणार नव्हता. पेठ नाक्याच्या पुढे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि आमची गाडी तासभर मुंगीच्या चालीनं सरकली. ऊन तापलं. सुभेदारांनी इतक्या वेळात एकदाही पाकीट चाचपून पाहिलं नाही. मात्र त्यांचा उजवा अंगठा बाकाच्या कडेवर सारखा दाबला जात होता.

इस्लामपूर स्टँडवर एका बाकड्यावर पाकीट उघडलं. कागद सरळ सुटला. कँटीनवाल्यांनी एक घास घेतला, पाव उलटून खालची बाजू पाहिली आणि अर्धं सँडविच संपवलं. मग उरलेलं अर्धंही संपवलं.

"आनखी हाय का?" त्यांनी विचारलं.

"आनखी साताऱ्यात हाय," सुभेदार म्हणाले. "उद्यापास्नं तुमच्याच कँटीनात ठेवा."

बेकरी चालू राहिली. पुढच्या पाच वर्षांत भट्टीशेजारी दुसरी भट्टी आली.

अठ्ठ्याहत्तर साली सुभेदारांचे गुडघे इतके धरले की त्यांना गाडीची पायरी चढता येईना. गुरुवार बंद झाले. वहिनींनी सँडविच घरी पाठवलं, तर ते त्यांनी परत केलं. ताजं खाऊन काय कळणार, असा निरोप दिला. मग वहिनी सकाळचं एक पाकीट कंडक्टरबरोबर कराडला पाठवू लागल्या. परतीच्या गाडीनं ते दुपारी साताऱ्यात येई. जाऊन येऊन अंतर इस्लामपूरच्या थोडं पुढचं होत असे. सुभेदार ते खाटेवर बसून खात आणि कंडक्टरकडे मत सांगत. मत बहुतेक एका शब्दाचं असे.

त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात मुलगी त्यांना कायमची सांगलीला घेऊन गेली. दोघांनी धरून त्यांना गाडीत चढवलं. ती गाडी कराड स्टँडवर थांबली, तेव्हा साताऱ्याला परतणारी गाडी शेजारीच उभी होती. तिच्या कंडक्टरनं सुभेदारांना ओळखलं आणि वहिनींनी त्याही दिवशी पाठवलेलं पाकीट खिडकीतून त्यांच्या हातात दिलं, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. त्यांनी कागदाचा वास घेतला. गाडी पेठ नाक्याच्या दिशेनं सुटली, तेव्हा पाकीट उघडलेलं नव्हतं; इस्लामपूर अजून पुढे होतं.